तीन उन्हाळे

दिवाळीच्या आदल्या रविवारी आम्ही विळे घेऊन टेकडीवर जातो. पाऊस ओसरलेला असतो, कुसळी गवत कमरेला लागत असतं आणि त्याची कुसळं मोज्यांत, ओढणीत, पायजम्याच्या शिवणीत घुसून थेट घरापर्यंत सोबत येतात. जुलैत झाडं लावायला दीडशे माणसं येतात. टोप्या, फलक, वडापाव, फोटो. दिवाळीआधी गवत काढायला येतात नऊ. त्यातल्या दोघांचे गुडघे दुखतात.

हा लेख त्या नऊ जणांच्या बाजूने लिहिला आहे, हे आधीच सांगून टाकते.

टेकडी पुरंदर तालुक्याच्या पूर्व अंगाला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस इथवर येईतो पार दमलेला असतो. वर्षाला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. गावाचं बारा एकर गायरान, मध्ये एक ओढा, वर सपाट माथा, पायथ्याला म्हसोबाचं ठाणं. आमचा गट म्हणजे निवृत्त शिक्षक, एक डॉक्टर, दोन बँकवाले, एक शिंपीणबाई, गावातले तीन-चार तरुण आणि मी. पहिल्या वर्षी आम्ही ५ जूनला, पर्यावरण दिनाचा मुहूर्त साधून, सहाशे रोपं लावली. कुणीतरी ट्रक भरून फुकट दिली होती. त्यात काय काय आहे हे आम्ही ट्रक रिकामा केल्यावर पाहिलं. वड, पिंपळ, करंज, गुलमोहर, पाम आणि बरीचशी उंदीरमारी. पुढे चार आठवडे पाऊस आला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये मोजली तेव्हा त्रेचाळीस जिवंत होती आणि त्यातली निम्मी उंदीरमारी. आमच्याकडची गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत, तेवढ्यावर ती तगली.

एवढं मोठं अपयश आलं की माणूस आधी पावसाला शिव्या देतो, मग शेळ्यांना, मग सरकारला. आम्ही याच क्रमाने गेलो. सरकारचंही त्या वर्षांत जोरात चाललं होतं. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. मग २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी अशी उद्दिष्टं ठरली. पुढे २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती जाहीर झाली. झाडं खरंच लागली की कागदावर लागली, यावर वाद पुष्कळ झाले. मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट खटकते. उद्दिष्ट रोपांत मोजलं जातं. तीन मीटर बाय तीन मीटर अंतर धरलं की हेक्टरी १,१११ खड्डे बसतात, म्हणून सरकारी रोपवनांच्या फलकांवर हा आकडा वारंवार दिसतो. दहा हजार भागिले नऊ. शाळेतला भागाकार आहे तो. त्या जागेत माती किती, पाणी किती, आधीपासून काय उगवलंय, यातल्या कशाचाही त्या आकड्याशी संबंध नाही.

आमच्याही फलकावर तोच आकडा होता.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या ओळखीच्या एक वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका टेकडी पाहायला आल्या. आम्हाला वाटलं, त्या झाडांची यादी देतील आणि चहा पिऊन जातील. त्यांनी यादी दिली नाही. लोखंडी सळई मागितली आणि दर पन्नास पावलांवर ती जमिनीत ठोकत गेल्या. माथ्यावर सळई चार बोटं गेली आणि खण्णकन वाजली. उतारावर कुठे वीत, कुठे हात. ओढ्याच्या कडेला पार मुठीपर्यंत. सळईवर खडूने खुणा करून त्यांनी टेकडीचा नकाशा काढला तोच मुळी मातीच्या खोलीचा. माथ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे काहीही लावू नका.”

आम्हाला राग आला. बारा एकरांतले जवळजवळ पाच एकर माथ्यावर होते आणि फोटो तिथेच चांगले यायचे.

पण त्यांनी बसवलं खाली, गुडघ्यांवर. कुसळी, मारवेल, डोंगरी, पवन्या; चार हात जागेत चार जातींची गवतं. चंडोळाचं घरटं, गवताच्या बुडाशी, आमच्या जुन्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर. पाचशे मिलिमीटरच्या पट्ट्यातलं माळरान म्हणजे तोडलं गेलेलं जंगल नव्हे. ते मुळातच माळरान आहे, तुरळक बोरी-हिवर असलेलं. महसुलाच्या कागदांनी त्याला ‘पडीक’ म्हटलं, कारण त्यातून शेतसारा मिळत नव्हता. तो शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की मोकळा माळ दिसला की हात शिवशिवायला लागतात, झाडं लावू या म्हणून. सुप्याजवळच्या मयुरेश्वर अभयारण्यातली चिंकारा, सोलापुरातल्या नान्नजचा माळढोक, आमच्याकडे अधूनमधून दिसणारा लांडगा, ही सगळी उघड्या माळाची प्रजा. तिथे दाट झाडी उभी केली तर ती त्यांच्या दृष्टीने जंगलतोडीइतकीच वाईट. कासचं पठार बघायला आपण रांगा लावतो ते त्यावर झाडं नाहीत म्हणूनच. तिथे कुणी ‘एक व्यक्ती एक झाड’ राबवलं असतं तर?

माथा सोडला. एका कंपनीचे साहेब त्याच सुमारास निधी द्यायला तयार झाले होते. त्यांना नकाशा दाखवला, तर म्हणाले, “मॅडम, आमच्या रिपोर्टमध्ये दहा हजार झाडं लागतात.” आमच्या नव्या हिशोबात सातशे बसत होती. ते दुसरीकडे गेले. जाताना मियावाकी करा म्हणून सुचवून गेले, कारण त्यात चौरस मीटरला तीन रोपं बसतात. आकिरा मियावाकी हे मोठे शास्त्रज्ञ, आणि त्यांची पद्धत शहरातल्या सोसायटीच्या कोपऱ्यात, नळाचं पाणी असेल तर, हिरवाई लवकर उभी करते हे मी पाहिलं आहे. पण आमच्या टेकडीवर धावडा आणि खैर एकमेकांपासून ऊन राखून उभे असतात. तिथे हेक्टरी तीस हजार रोपं कोंबायची म्हणजे एसटीच्या शेवटच्या गाडीसारखं.

आता प्रश्न उरला, उतारावर आणि ओढ्याला काय लावायचं. ‘देशी’ म्हटलं की काम भागतं असं आम्हाला वाटायचं. पण देशी म्हणजे कुठल्या देशीचं? सागवान विदर्भात देशी, पुरंदरच्या या कोरड्या अंगाला नव्हे. सुरंगी, उंडी कोकणात देशी. इथे लावली तर जगवायला टँकर लागेल आणि टँकर बंद पडला की तीही बंद. उलट चिंचेचं बघा. मूळची आफ्रिकेची, अरबांनी मात्र तिला ‘हिंदी खजूर’ असं नाव दिलं, आणि आपल्या पारावरच्या चिंचेला परदेशी म्हणणाऱ्याला गाव पाणी विचारणार नाही. मी चिंचेच्या बाजूने आहे. गुलमोहर, सुबाभूळ, उंदीरमारी आणि वेडी बाभूळ यांच्या बाजूने नाही. त्यांतल्या शेवटच्या तिघी पाय ठेवायला जागा मिळाली की इतरांना उठवून लावतात. सुबाभळीने तर एके काळी चाऱ्याचं झाड म्हणून केवढी हवा केली होती.

काय लावायचं हे शोधायला तीन जागा सापडल्या. पहिली गावांची नावं. पळसदेव, बाभुळगाव, हिवरे, बोरगाव, करंजे, सावरगाव, जांभुळवाडी. पुण्याच्या आसपासचा एखादा जुना नकाशा उघडा. आपल्या पूर्वजांनी रोपवाटिकेची यादी पाट्यांवर लिहून ठेवली आहे. दुसरी जागा म्हणजे थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागांनी छापला गेला आणि कुठली वनस्पती कुठे आढळते याच्या नोंदी त्यात आहेत. प्राध्यापिकाबाईंनी त्यातून आमच्या पट्ट्यातल्या जाती उतरवून दिल्या. तिसरी जागा देवाची. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून हे शहरी माणसांनाही कळलं, की देवाच्या धाकाने राखलेल्या झाडीत त्या भागाचं मूळ रान शिल्लक असतं. आमच्या म्हसोबामागे देवराई म्हणावी एवढं काही नाही, जेमतेम दहा गुंठे. पण त्या दहा गुंठ्यांत पळस, मोई, वावळ, आपटा, हेंकळ, अंकोळ, करवंद, काळा कुडा आणि एक प्रचंड जुना धावडा आहे. आम्ही पाच वर्षं तिथे नारळ फोडत होतो आणि मान वर केली नव्हती.

धावड्याचं नाव सांगितलं ते एका मेंढपाळ आजोबांनी. दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर चढतं आणि मेंढरं कोकणाकडे निघतात. पावसाळ्याच्या तोंडाला परत. “धावडा लावा,” ते म्हणाले, “पर तुमाला लावता यायचा न्हाई.” का, विचारलं तर हसले. “त्याचं बी फोल असतं. मूठभर पेरलं तर येक उगवंल न उगवंल.”

आजोबांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

इथून रोपवाटिकेची गोष्ट सुरू होते आणि माझ्या मते सगळ्या लागवडीचं मरण-जगणं इथेच ठरतं. बाजारातल्या रोपवाटिका विकलं जातं तेच वाढवतात, यात त्यांचा दोष नाही. हेंकळ कोण विकत घेणार? तेव्हा जुलैत लावायचं असेल तर आदल्या वर्षीच्या डिसेंबरात बी गोळा करायला निघावं लागतं, किंवा रोपवाटिकेला दीड वर्ष आधी मागणी द्यावी लागते. आम्ही शिंपीणबाईंच्या घरामागे तीन गुंठ्यांत स्वतःचीच रोपवाटिका केली. आवळा-बेहडा थंडीत, खैर आणि आपटा उन्हाळ्याच्या तोंडाला, पळस आणि करंज उन्हाळ्यात, निंबोळी आणि जांभूळ पावसाच्या तोंडावर. शेवटच्या दोघांचं बी डब्यात भरून ठेवलं की संपलं; ओलं आहे तोवरच पेरायचं. बहाव्याचं उलट. त्याचं बी म्हणजे खडा. रानात कोल्ही-माकडं ती शेंग फोडतात, आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि दुपारच्या मालिका बघता बघता बाई एकेक बी घासत बसल्या. बाभळीचं बी मिळवायची सोपी रीत गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होती, आम्हालाच नव्हती. शेळ्यांना शेंगा घालायच्या आणि सकाळी वाड्यातून बिया झाडून घ्यायच्या. काही रवंथ करताना टाकलेल्या, काही लेंड्यांतल्या. शेळीच्या पोटातून आलेलं बी पटकन फुटतं. ज्या शेळीला आम्ही वर्षभर शिव्या दिल्या, तीच आमची पहिली कामगार.

बी एकाच झाडाचं घ्यायचं नाही, हा दुसरा धडा. रस्त्याकडेला हाताला येणारी फांदी दिसली की माणूस तिथेच पिशवी भरतो. मग सगळी टेकडी एका आईची लेकरं होते आणि एकच रोग सगळ्यांना पुरतो. निदान दहा-बारा झाडांचं, वेगवेगळ्या शिवारांतलं, थोडं थोडं घ्यावं. मोई आणि सालईला बी लागतच नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी खांदी तोडून रोवली की फुटते, म्हणून गावाकडे कुंपणाला त्यांचे खुंट रोवतात.

आणि पिशवी. पाच बाय आठ इंचांच्या प्लास्टिकच्या पिशवीत रोप दोन पावसाळे राहिलं की त्याचं मूळ तळाशी पोहोचतं आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळत बसतं. असं रोप वरून चांगलं दिसतं. पाच फूट उंच, तजेलदार. पाहुण्यांच्या हातात द्यायला छान. जमिनीत गेल्यावर ते मूळ गोल फिरायची सवय सोडत नाही आणि चार-पाच वर्षांनी भर वाऱ्यात झाड बुडापासून आडवं होतं. पहिल्या वर्षीचा आमचा वड असाच पडला. उपटून पाहिला तर मुळांचा आकार हुबेहूब पिशवीचा होता, तळाच्या शिवणीसकट. तेव्हापासून आम्ही कमरेखालचीच रोपं लावतो. पाहुण्यांना वाकावं लागतं.

या सगळ्यात झुडपं कुठे आहेत? कुठेच नसतात. ‘झुडूप’ हा शब्दच आपण हलक्याने उच्चारतो. ‘काटेरी झुडपं साफ करून वृक्षारोपण’ अशी बातमी दर पावसाळ्यात छापून येते. आम्हीही पहिल्या वर्षी जेसीबी लावून करवंदाच्या दोन जाळ्या आणि हेंकळीचं रान काढलं होतं. एक दिवसाचं भाडं देऊन आपलंच नुकसान. त्या जाळ्या पुन्हा फुटल्या तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी आम्हाला एकीच्या आत हात घालायला लावला. मनगट ओरबाडून घेत मी फांद्या बाजूला केल्या. आत अंधार, ओला पाला, मुंग्या आणि मधोमध गुडघ्याएवढं कडुनिंबाचं रोप. कुणी लावलेलं नाही. बुलबुलाने निंबोळी खाऊन फांदीवर बसून टाकलेली. बाहेर जमीन तापून तवा झालेली आणि आत मातीला ओल. शेळीचं तोंड आत जात नाही, विळा जात नाही, वणवाही पुष्कळदा कडेने निघून जातो. झाडाला लहानपणी दाई लागते आणि आमच्या टेकडीवर ती काटेरी आहे.

मग लागवडीचा आराखडाच उलटला. दर दहा रोपांत सहा झुडपं: करवंद, हेंकळ, तरवड, निर्गुडी, धायटी, मुरुडशेंग, गेळा. झाडं चारच, तीही झुडपांच्या पुंजक्यात किंवा उभ्या जाळीच्या उत्तरेला, म्हणजे दुपारची सावली मिळते. सरळ ओळी नाहीत. गावातल्या एका तरुणाने दोरी आणली होती, ती त्याने मुकाट्याने परत नेली. शिवाय उतारावर पळसाचे आणि धावड्याचे जुने बुडखे होते, दरवर्षी सरपणाला तोडले जाणारे, गुडघ्यावर कधीच न चढलेले. त्यांची मुळं माझ्याहून म्हातारी असतील. त्यांच्या दहा-बारा फुटव्यांतले दोन जोमदार ठेवून बाकी छाटले. धावडा पेरून मिळत नव्हता, तो असा आयता मिळाला. तीन वर्षांत डोक्यावर गेला.

खड्ड्यांबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच नीट करत नाही. एप्रिलमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत, खणताना वरची माती एका बाजूला आणि मुरूम दुसऱ्या बाजूला काढावा, भरताना वरची माती तळाला जावी. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राचा बांध घालावा. लागवड मृगात नाही. मृगाचा पाऊस उत्साही असतो, भरवशाचा नसतो. आर्द्रा-पुनर्वसूत, हातभर ओल गेली की. पंधरा ऑगस्टची लागवड देशभक्तीला ठीक, पण त्या रोपाला मूळ खोल नेण्यापुरता पावसाळा उरत नाही.

दुसऱ्या लागवडीच्या वर्षी सगळं जमून आलं आणि दसऱ्याला घात झाला. साठ आपट्यांची पानं एका सकाळीत ओरबाडली गेली. सोनं! गावातल्याच पोरांनी पोती भरून सासवडच्या बाजारात नेलं. आम्ही कपाळाला हात लावला, आजोबा मात्र म्हणाले, “आपटा हाय त्यो, फुटंल.” फुटला. पण काही पोरांनी आपट्यासोबत कांचनाची पानंही नेली होती, दोन्हीची पानं सारखी दुभंगलेली, आणि ती सोनं म्हणून खपलीही. याचं मला अजून हसू येतं.

कुंपणाचं काय, हे सगळे विचारतात. तारेचं कुंपण आम्ही केलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत तार गेली, मग खांब गेले. खरं कुंपण ग्रामसभेत घालावं लागतं. गायरान म्हणजे सरकारी जागा, वहिवाट गावाची. ठरावाशिवाय तिथे खड्डा खणणंही बरोबर नाही, आणि आम्ही पहिल्या वर्षी फक्त सरपंचांना फोन केला होता. दुसऱ्यांदा रीतसर सभेत गेलो. मास्तरांनी पर्यावरणावर दहा मिनिटं भाषण केलं. ते संपल्यावर मागच्या बाजूने एक बाई उठल्या. “मास्तर, झाडं तुमच्या नावाची. चारा कुणाच्या नावाचा?”

त्या एका प्रश्नावर पुढचे चार महिने गेले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांनी ऐकलं होतं: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. पण ती बंदी तिथे गावाने स्वतःवर घातली, आणि गवत कापून न्यायची वाट मोकळी ठेवली, हे सांगायला लोक विसरतात. आमच्याकडे ठरलं ते असं. टेकडीचे तीन भाग. एका वेळी एकच भाग बंद, तीन वर्षांसाठी. बंद भागात गुरं नाहीत, पण विळ्याने गवत कापून नेता येईल, आधी ज्यांच्याकडे शेत नाही त्यांना. माथ्यावर पहिल्यासारखीच चराई. आणि राखणदार दोन, दोघंही शेळ्या असलेल्या घरांतले. हा शेवटचा मुद्दा त्या बाईंचाच. आमचा खर्च मांडला तर रोपांना सगळ्यात कमी पैसे लागले आणि राखणदारांच्या तीन वर्षांच्या पगाराला सगळ्यात जास्त. देणगीदारांना हे पटवणं कठीण जातं. रोपाला नाव देता येतं, पाटी लावता येते. राखणदाराच्या पगाराला पाटी कशी लावणार?

शेजारच्या शेतकऱ्याला आम्ही बांधावर खैर लावा म्हणून गळ घातली. तो ऐकून घेऊन म्हणाला, “लावीन की. पर उद्या पोरीच्या लग्नाला तोडायचा म्हणलं तर कुणाकुणाच्या दारात जाऊ?” वृक्षतोडीचं नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतल्या झाडांना, म्हणजे खैर, हिरडा, जांभूळ, मोह वगैरेंना, स्वतःच्या रानातही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. कायद्याचा हेतू झाड वाचवण्याचा. बांधावर मात्र त्यामुळे निलगिरी येते. त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

वणवा तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत लागला. बिडी की मुद्दाम, कळलं नाही. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून पेटवणारे आहेत, नवस फेडायला पेटवणारेही आहेत. दोन एकर अर्ध्या तासात गेले. झोडपायला निर्गुडीच्या फांद्या घेऊन आम्ही पोहोचलो तेव्हा काम उरलं नव्हतं. आदल्या दिवाळीत जाळपट्टा काढायचा राहिला होता. मुलांच्या परीक्षा, कुणाचं लग्न, मग राहूनच गेलं. दहा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, खरवडून मोकळा ठेवला असता तर आग तिथे थांबली असती. म्हणून आता दिवाळीआधीचा रविवार.

पाण्याबद्दल उलटसुलट सल्ले फार मिळतात. आम्ही ओढ्याकाठच्या जांभूळ-उंबर-करंजाला जानेवारी ते मे, पंधरा दिवसांनी दहा लिटर असं दोन उन्हाळे दिलं. रोज तांब्याभर घातलं की मूळ वरच रेंगाळतं. तहान लागली तरच ते खाली जातं. उतारावरच्या खैर, हिवर, पळसाला थेंब दिला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात कुणालाच नाही. त्या मे महिन्यात मी टेकडीवर जाणं टाळत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजणीला गेलो. मास्तर वही घेऊन पुढे, मी मागे. उतारावर पळसांच्या जागी नुसत्या काड्या उभ्या होत्या, करड्या, बोटभर जाड, एकही पान नाही. जळलेल्या भागात तर काळ्या काड्या. मास्तर ‘मृत’, ‘मृत’ असं लिहीत चालले. बिऱ्हाड नुकतंच कोकणातून परतलं होतं, तर आजोबाही काठी टेकत आले. त्यांनी एका काडीपाशी उकिडवं बसून अंगठ्याच्या नखाने बुडाची साल खरवडली. तांदळाच्या दाण्याएवढी. आत ओलं पोपटी हिरवं.

पळसाचं रोप पहिली काही वर्षं वरून वाळतं, पुन्हा फुटतं, पुन्हा वाळतं. तेवढ्यात खाली त्याचं मूळ पोसत असतं. हे मला नंतर पुस्तकात सापडलं. त्या सकाळी आम्ही फक्त मागे वळलो आणि पहिल्या काडीपासून नखाने खरवडत आलो. उन्ह चढेपर्यंत अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं. मास्तरांनी वहीतली आधीची तीन पानं फाडली नाहीत, ‘मृत’वर काट मारून शेजारी तारीख घातली. सातशेंतली चारशे अकरा. सगळ्यात जास्त मर ओढ्याकाठच्या करंजांत, ज्यांना आम्ही सर्वांत जास्त पाणी दिलं होतं.

करवंदाच्या जाळ्यांतून वहीत नसलेली रोपंही निघाली: कडुनिंब, बोर, एक अंकोळ, आणि दगडाच्या फटीत वीतभर वड. मास्तरांनी विचारलं, यांना नंबर द्यायचा का? नंबर लावलेलीच झाडं आपली, अशी सवय झाली होती. त्यावर अजून आमचं एकमत नाही.

यंदा टेकडीचा दुसरा भाग बंद झालाय. पहिला चराईला उघडायचा की आणखी एक वर्ष थांबायचं, यावर पाडव्यानंतर ग्रामसभा आहे आणि त्या बाईंनी आधीच सांगून ठेवलंय, की शब्द दिला तो दिला. धावड्याचं बी यंदाही पेरलंय. चार पोत्यांतून सतरा रोपं उगवली. रविवारी गवत काढायचं आहे. विळे आठच आहेत, धार लावायला टाकलेत.